शुगर निघाली : पहिल्या तीन महिन्यांचं गणित

रिपोर्टवर ‘एचबीए१सी : ७.८’ अशी एक ओळ असते आणि तिच्याशेजारी वर जाणारा बाण. ती वाचून काहीजण त्याच रात्रीपासून गोड, पिष्टमय, फळं सगळं बंद करतात, तर काहीजण रिपोर्ट कपाटात कागदांच्या खाली सारतात. पहिल्यांचा जोर महिनाभरात ओसरतो, मग तेही दुसऱ्यांच्या रांगेत येऊन बसतात आणि पुढची तपासणी टाळू लागतात. या घबराटीतला बराच भाग आकडा चुकीचा वाचल्यामुळे येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. किती हिमोग्लोबिनला चिकटली, त्याची टक्केवारी म्हणजे एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ८ टक्के म्हणजे १८३. काल रात्री खाल्लेल्या गोडाने ७.८ होत नाही आणि आठ दिवस पोट मारून ते ६ वरही येत नाही. डॉक्टर पुढची तपासणी तीन महिन्यांनी लावतात ती याचसाठी.

निदान पक्कं आहे ना, एवढं मात्र आधी बघावं. एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आठ तास उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, या मधुमेहाच्या रेषा आहेत. लक्षणं काहीच नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर कमी. उलट खूप तहान, वारंवार लघवी, भराभर उतरणारं वजन आणि वर उलट्या असं चित्र असेल तर तीन महिने कसले, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठ्या वयातही कधी कधी तो टाइप १ मधुमेह निघतो, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन शरीरात जवळजवळ तयारच न होणारा.

मग सुरू होतं अपराधीपण. ‘गोड फार खाल्लं, त्याचं फळ.’ शरीरातला घटनाक्रम इतका सरळ नाही. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, भरपाई म्हणून स्वादुपिंडातल्या बीटा पेशी वर्षानुवर्षं जादा इन्सुलिन करत राहतात आणि शेवटी दमतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात, निदानाच्या वेळीच बीटा पेशींची क्षमता जवळपास निम्म्यावर आलेली दिसली. म्हणजे प्रकरण रिपोर्टच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. वजनाचा त्यात मोठा हात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेवढंच वजन असलेल्या दुसऱ्याला मधुमेह होत नाही, कारण कुणाच्या बीटा पेशी किती ताण सोसतील हे बरंचसं आनुवंशिकतेने ठरतं. त्याबद्दल स्वतःला कोसून साखर एका मिलिग्रॅमनेही उतरत नाही.

रोजचं मोजणं, पथ्य, गोळ्या, पुढे डोळ्यांचं-पायांचं काय होईल ही धास्ती, या सगळ्याच्या थकव्याला ‘डायबिटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावलीच तयार केली. हे नैराश्य नव्हे. डिस्ट्रेसमध्ये माणूस मधुमेहाला कंटाळलेला असतो, बाकी आयुष्यात त्याचं मन लागतं. दोन आठवडे बहुतेक दिवस कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते डॉक्टरांना साखरेइतकंच स्पष्ट सांगायला हवं, कारण त्याचे उपचार वेगळे आहेत.

घरच्यांची काळजीही कधी कधी ओझं होते. ताटाकडे बघत ‘हे चालतं का तुला?’ असं कुणी दिवसातून तीनदा विचारलं की माणूस लपून खायला लागतो. त्यापेक्षा काम वाटून द्यावं : ‘मला अडवू नकोस, जेवल्यावर माझ्याबरोबर चालायला चल.’ हे काम खरंच उपयोगी आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची १०-१५ मिनिटं चालणंही घरी साखर मोजायच्या ग्लुकोमीटरवर दिसतं. आठवड्याला १५० मिनिटं धरावीत आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

आता ग्लुकोमीटर. फळ सोललेल्या बोटाने रक्त काढलं तर मीटर फळाची साखर मोजतो आणि १४० च्या जागी भलताच आकडा दाखवतो. म्हणून साबणाने हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. सुई बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नये, बाजूला टोचावी, तिथे दुखतं कमी. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. आणि मीटर मुळात किती अचूक असतो? आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर १६० असेल तर मीटर १३६ दाखवो की १८४, तो बिघडलेला नाही. १५२ आणि १६६ यांत फरक शोधत बसणं म्हणजे उगाच डोकं पिकवणं.

दिवसभर वेळी-अवेळी टोचण्यापेक्षा जोडीने मोजावं : जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. तेच जेवण तीन दिवस असं तपासलं की ते किती चढवतं ते कळतं. मग त्यातला पिष्टमय भाग एक तृतीयांश कमी करून, भाजी आणि प्रथिनं वाढवून पुन्हा तीन दिवस मोजायचं. कुठल्याही छापील यादीपेक्षा हा तक्ता जास्त खरं सांगतो. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल किंवा इतर आजार असतील तर डॉक्टर ते सैल करतात.

सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र भल्याभल्यांना चकवतो. रात्री काही खाल्लं नाही तरी तो चढलेलाच. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडतं, आणि ती आवरायला इन्सुलिन कमी पडतं. रात्रीचं जेवण सोडून हा आकडा हमखास उतरेल असं नाही.

गोळ्यांत बहुधा मेटफॉर्मिनने सुरुवात होते. ५०० मिलिग्रॅम जेवणाबरोबर, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत नेणं, असा क्रम असतो. घाईने वाढवली किंवा रिकाम्या पोटी घेतली की जुलाब, मळमळ होते आणि लोक ती परस्पर बंद करतात. त्याऐवजी हळूहळू विरघळणारा प्रकार मागून घ्यावा. त्याचं रिकामं टरफल कधी कधी शौचातून जसंच्या तसं पडतं. घाबरू नये, औषध आत शोषलं गेलेलं असतं. वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ कमी होऊ शकतं, तेवढं तपासत राहावं.

एकट्या मेटफॉर्मिनने सहसा साखर धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड झाली तर शक्य असल्यास आधी मोजावं, कारण महिनोन्‌महिने २५० ची सवय झालेल्या शरीराला ११० सुद्धा ‘उतरली’ वाटते. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

उपचार सुरू झाल्यावर काही आठवडे नजर धूसर होऊ शकते. साखर बदलली की डोळ्याच्या भिंगातलं पाणी कमीजास्त होतं, म्हणून नवा चष्मा साखर स्थिरावल्यावरच करावा. पडद्याची तपासणी मात्र निदानाबरोबरच, थेंब घालून. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि पायांची संवेदनाही तेव्हाच बघून घ्यावी, आणि पुढे दरवर्षी.

‘कायमचा बरा होतो का?’ हा प्रश्न येतोच. निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांवर ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निकाल आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिवसाला साडेआठशे कॅलरीपर्यंतच्या आहारावर तीन ते पाच महिने काढल्यावर, वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ वर आलं. म्हणजे आजार मागे हटतो, पण दबा धरून असतो. चालू गोळ्यांसकट असला आहार घरच्या घरी करणं धोक्याचं आहे.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना जोडीच्या आकड्यांची वही न्यावी. गोळी चुकली ते दिवसही तिच्यात लिहावेत. ते लपवले तर डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, ते दुसरी जोडतात, आणि ज्या दिवशी दोन्ही नेमाने घेतल्या जातात त्या दिवशी साखर नको तितकी उतरते.