करणारं माणूस हिशेबात कधी आलं?

घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: ‘त्यांचं करायला कोण आहे?’ या एका ‘करण्या’त उठवणं-बसवणं, आंघोळ, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं, डॉक्टरकडच्या फेऱ्या असं सगळं येतं. ज्येष्ठांसाठी समाजाने उभ्या केलेल्या सेवांच्या इतिहासात मात्र हा प्रश्न फार उशिरा डोकावतो. तोवर त्याचं उत्तर गृहीतच धरलेलं होतं: असेल की घरचं कुणीतरी.

हे गृहीतक कायद्यात स्वच्छ लिहिलेलं सापडतं ते इंग्लंडच्या १६०१ च्या ‘पुअर लॉ’मध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या कायद्यात. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, कर गोळा करून आपल्या निराधारांना पोसायचं होतं. पण त्याआधी एक अट होती. ऐपत असलेल्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळलंच पाहिजे. ज्याला कुणी नाही, त्याच्याचपुरती वस्तीची जबाबदारी. १८३४ च्या सुधारणेने हाही हात आखडता घेतला. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात या, आणि तिथलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा वाईटच असलं पाहिजे, असं धोरण आलं. रोख धडधाकट बेकारांवर होता, पण शतक सरता सरता त्या इमारतींमध्ये म्हातारी माणसंच मोठ्या संख्येने दिसू लागली.

मग पेन्शन आली. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा विमा आणला. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत रक्कम देऊ केली. वर्कहाउसची भीती कमी व्हायला याचा मोठा हातभार लागला, यात शंका नाही. तरी पेन्शन कुणाला आंघोळ घालत नाही.

त्या दिशेने पहिली हालचाल झाली ती रुग्णालयातून. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या वर्कहाउसचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथले ७१४ रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आले. यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं नुसते पडून होते. त्यांना नेमकं झालंय काय, हे तपासायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं, आणि अनेकांना घरी पाठवलं. वृद्धांचं वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली ती इथून. पण घरी गेलेल्या माणसाला रोज बघणार कोण, याचं उत्तर रुग्णालयाकडे नव्हतं.

ते अंशतः दुसऱ्या महायुद्धाने दिलं. बॉम्बहल्ल्यांच्या काळात घरं आणि स्वयंपाकघरं उद्ध्वस्त झाली. तेव्हा १९३८ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस या ब्रिटिश महिला स्वयंसेवी संघटनेच्या बाया गरम जेवण घेऊन दारोदार फिरू लागल्या. घरात अडकलेल्या वृद्धांसाठी अशी नियमित सेवा १९४३ मध्ये हेमेल हेम्पस्टेडला सुरू झाल्याची नोंद आहे. अन्न न्यायला जुन्या बाबागाड्या असत, ते गरम राहावं म्हणून भोवती पेंढा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये विल्यम हॉडसन केंद्र उघडलं. ज्येष्ठांनी दिवसा यावं, बसावं, गप्पा माराव्यात यासाठीचं हे अमेरिकेतलं पहिलं केंद्र मानतात. १९५४ मध्ये फिलाडेल्फियात घरपोच जेवण सुरू झालं आणि कल्पना अटलांटिकपार गेली. डबा पोचवणारा माणूस दार उघडलं जातंय की नाही, हेही रोज पाहतो. डब्याइतकाच त्या पाहण्याचा उपयोग असतो, असं मला वाटतं.

१९४८ मध्ये ब्रिटनने पुअर लॉ रद्द केला आणि आईबापांना पोसण्याची मुलांवरची कायदेशीर सक्तीही संपली. नगरपालिकांवर निवासी वृद्धाश्रमांची जबाबदारी आली. घरपोच जेवण स्वतः द्यायची परवानगी मात्र त्यांना १९६२ पर्यंत नव्हती. तोवर स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यापुरताच त्यांचा अधिकार. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड-वेल्समधल्या १७३ निवासी संस्था पाहून १९६२ मध्ये निष्कर्ष मांडला: तिथले कितीतरी लोक संस्थेत ठेवावं इतके आजारी नव्हतेच. त्यांना घर नव्हतं, किंवा जवळचं माणूस नव्हतं.

म्हणजे एकट्या पडलेल्या वृद्धाचा विचार सुरू झाला होता. एकटा नसलेल्या वृद्धाच्या उशाशी बसलेली व्यक्ती अजून कुणाच्या नजरेत नव्हती.

मेरी वेबस्टर ही चर्चमध्ये धर्मोपदेशकाचं काम करणारी अविवाहित बाई. आईवडिलांचं करण्यासाठी तिने १९५४ मध्ये काम सोडलं. नऊ वर्षांनी, १९६३ च्या जानेवारीत, तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: अशा बायका एकाकी पडतात, त्यांचं उत्पन्न जातं, पुढे म्हातारपणी त्यांच्याच हाती काही उरत नाही. उत्तरादाखल शेकडो पत्रं आली. ‘आम्हीही असेच आहोत’ म्हणणाऱ्यांची ती रांग पाहून तिने १९६५ मध्ये अविवाहित बायका आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी राष्ट्रीय संघटना काढली. सांभाळणाऱ्यांच्या हक्कांची चळवळ म्हणतात ती इथून सुरू झाली.

सरकारने ऐकलं, पण अर्ध्या कानाने. १९७६ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला आणि त्यातून विवाहित बायका वगळल्या. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात! जॅकी ड्रेक यांनी आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांचं प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. निकाल २४ जून १९८६ ला त्यांच्या बाजूने लागला. सरकारने आदल्याच दिवशी माघार घेऊन भत्ता विवाहित बायकांनाही लागू करत असल्याचं जाहीर केलं होतं.

दरम्यान अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या २९ जणांना त्यांच्यावर पडणाऱ्या ताणाबद्दल विचारलं. १९८० मध्ये छापून आलेलं हे काम लहानसं होतं, पण त्यातून निघालेली प्रश्नावली आजही जगभर वापरतात. आजाऱ्याचं वागणं जितकं बिघडलेलं तितका ताण जास्त, अशी कुणाचीही अटकळ असेल. तसं आढळलं नाही. ताणाचा संबंध दिसला तो घरातली इतर माणसं किती वेळा भेटायला येतात, याच्याशी. या एका निष्कर्षात डे केअर, चार दिवसांची बदली सेवा, सांभाळणाऱ्यांचे गट या सगळ्यांची बीजं आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली ऑन लोक ही संस्था तोवर बरंच पुढे गेली होती. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९७३ मध्ये दिवसाचं केंद्र उघडलं. सकाळी गाडी घरी येते. केंद्रात डॉक्टर, नर्स, व्यायाम, जेवण, आंघोळ, आणि संध्याकाळी परत घर. दिवसभर घरच्यांचे हात मोकळे. याच नमुन्यावरच्या योजनांमध्ये रुग्णाबद्दलचे निर्णय घेणाऱ्या गटात डॉक्टरांसोबत गाडीचा चालकही बसतो. कालपर्यंत जिना उतरणारे आजोबा आज दारातच थबकले, हे सगळ्यात आधी त्याला कळतं. १९९७ मध्ये अमेरिकी कायद्याने या नमुन्याला कायमचं स्थान दिलं. ज्येष्ठांसाठीचा तिथला मूळ कायदा १९६५ चा. त्यात सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आला २००० साली.

पैसे द्यावेत की माणूस पाठवावा, हा वाद तेव्हाही जोरात होता. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आणला आणि दोन्ही पर्याय ठेवले. रोख रक्कम सेवेच्या मोलापेक्षा बरीच कमी होती, तरी सुरुवातीला बहुतेकांनी रोखच घेतली. सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचे हप्तेही या विम्यातून भरले जाऊ लागले. जपानमध्ये याच मुद्द्यावर महिला संघटनांनी उलट बाजू घेतली. रोख रक्कम दिली तर ती घरच्यांच्या हातात जाईल आणि करणारी सून मात्र घरातच अडकून पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २००० मध्ये लागू झालेल्या जपानी विम्यात रोख भत्ता नाही. घरी येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र, थोड्या दिवसांचा मुक्काम अशा सेवाच मिळतात. कुणाला किती मदत लागते ते ठरवायला अर्जदाराचं शरीर आणि मन तपासणारी लांबलचक प्रश्नावली असते. घरात सून आहे, मुलगी आहे की कुणीच नाही, यावरून ती पातळी ठरत नाही.