रद्दीतून खोका आणि रद्दीतून पांढरा कागद: रिसायकलिंगचे दोन वेगळे हिशोब

रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांचा गठ्ठा वेगळा तोलतात, वह्या-पुस्तकं वेगळी आणि पुठ्ठा वेगळा. तिन्हींचे भाव वेगळे, कारण पुढे हा माल वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे जातो. घरी मात्र आपण सगळ्याला एकच हिशोब लावतो: कागद रिसायकलिंगला गेला, झाड वाचलं. प्रत्यक्षात ‘रिसायकल केलेला कागद’ या एका शिक्क्याखाली दोन कामं चालतात. एक म्हणजे रद्दीतून खोका करणं. दुसरं म्हणजे रद्दीतून पुन्हा पांढरा, लिहिण्याजोगा कागद करणं. दोन्हींचा खर्च वेगळा, फायदा वेगळा. पहिलं काम जवळपास नेहमीच फायद्याचं असतं. दुसरं कधी फायद्याचं ठरतं, कधी थोडक्यात बचावतं.

आधी खोका. ऑनलाइन खरेदीचा एखादा खोका घ्या आणि त्याचा कोपरा तासभर पाण्यात बुडवून ठेवा. तीन थर सुटे होतील: बाहेरचे दोन सपाट कागद आणि मधला नागमोडी. त्यांना जोडणारी खळ बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चची असते, ती पाण्यात सुटते. आता ओला तपकिरी थर उजेडात धरून पाहा. त्यात पांढरे ठिपके दिसतात, निळसर तंतू दिसतात, कधी छपाईचा काळा कणही दिसतो. या खोक्यात आधीचे खोके आहेत, कुणाच्या वह्या आहेत, कदाचित वर्तमानपत्रही आहे. शाई काढलेली नाही. ती लगद्यात मिसळून गेली आहे आणि खोक्याला त्याचं काही वाटत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना आधी त्यांचा रंग काढत कुणी बसत नाही, तसंच हे.

मिलमध्येही हेच मोठ्या प्रमाणावर होतं. पल्पर नावाच्या अवाढव्य हौदात पुठ्ठा पाण्याबरोबर घुसळतात. गठ्ठे बांधायची तार, चिकटपट्टी, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा पीळ पडून जाडजूड दोर तयार होतो, तो सावकाश बाहेर ओढत राहतात. लगदा चाळण्यांतून जातो, पिना आणि वाळू खाली बसतात आणि उरलेल्या तंतूंचा सरळ कागद होतो. ब्लीच नाही, साबण नाही. पुठ्ठा स्वच्छ आणि कोरडा आला असेल तर शंभर किलोमागे नव्वदच्या आसपास किलो कागद निघतो. आपल्या शेजारी गुजरातमधल्या वापीत अशा क्राफ्ट कागदाच्या, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाच्या मिल्स मोठ्या संख्येने आहेत.

पांढऱ्या कागदाची वाट यापेक्षा बरीच लांबची आहे, आणि मला वाटतं, ती नीट समजून न घेताच आपण रिसायकलिंगचं कौतुक करतो किंवा त्याला नावं ठेवतो. छापील कागदातली शाई काढायची कल्पना फार जुनी. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे कायद्याचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोथ यांनी १७७४ साली त्यावर पुस्तिकाच लिहिली. आजची पद्धत अशी: रद्दीचा लगदा कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबणासारख्या रसायनांबरोबर घुसळतात, म्हणजे शाई तंतूंपासून सुटते. मग पातळ लगद्यात खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि हौदावर काळपट राखाडी फेस साचतो. तो काठावरून सतत काढून टाकायचा. मग धुलाई, पुन्हा चाळणी, पुन्हा फेस, आणि गरज असेल तर ब्लीच.

त्या फेसाबरोबर फक्त शाई जात नाही. लिहिण्याच्या गुळगुळीत कागदात तंतूंशिवाय खडूची भुकटी आणि चिनी मातीही असते. झुळझुळीत मासिकांत हे खनिज वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहून जास्त असू शकतं. ते सगळं गाळात जातं, सोबत आखूड झालेले तंतूही जातात. म्हणून शंभर किलो ऑफिसच्या रद्दीतून पांढरा लगदा सत्तर ते पंच्याऐंशी किलोच निघतो, टिश्यू पेपरसाठी तर आणखी कमी. उरलेला गाळ ओला, जड आणि कमी किमतीचा. काही हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यात जातो, काही जाळतात, काही पुरतात. पांढऱ्या रिसायकल्ड कागदाची किंमत ठरवताना हा गाळ कुठे गेला हे विचारलंच पाहिजे.

लेसर प्रिंटरच्या छपाईत आणखी वेगळी अडचण असते. ती शाई नसून वितळून बसवलेलं प्लास्टिक असतं. ते पापुद्र्यांनी निघतं, बुडबुड्यांना पेलत नाही आणि नव्या कागदावर काळे ठिपके होऊन राहतं. वर्तमानपत्राच्या शाईतलं तेल कालांतराने, विशेषतः उन्हाळ्याच्या उष्णतेत, हवेशी संयोग होऊन घट्ट होतं आणि मग ती तंतूला सोडत नाही. चांगला भाव येईल म्हणून वर्ष-दोन वर्षं पोटमाळ्यावर ठेवलेली रद्दी शाई काढणाऱ्या मिलला नकोशी होते ती यामुळे. तीच रद्दी खोक्याच्या मिलमध्ये बिनतक्रार चालते.

आता झाडांकडे येऊ. ‘एक टन कागद रिसायकल केला की सतरा झाडं वाचतात’ हे वाक्य शाळेच्या भिंतींपासून सगळीकडे दिसतं. झाड किती मोठं आणि कागद कोणता, हे सांगितल्याशिवाय त्या सतराला अर्थ नाही. लाकूड रसायनांत शिजवून लगदा करायचा तर एक टन लगद्याला दोन टनांहून जास्त सुकं लाकूड लागतं. लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्यात, जो वर्तमानपत्राच्या कागदात असतो, जवळपास सगळं लाकूड कामी येतं. म्हणजे एक टन वह्या आणि एक टन वर्तमानपत्रं यांच्यामागची झाडं सारखी नसतातच.

शिवाय ही झाडं येतात कुठून? १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनंतर भारतातले कागद कारखाने लाकडासाठी मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांकडे वळले. सुबाभूळ, निलगिरी, सुरू ही झाडं शेतात लावतात, काही वर्षांत तोडतात, पुन्हा लावतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कारखान्याचा इतिहास तर बांबूशी बांधलेला आहे. त्यामुळे कोऱ्या, म्हणजे रद्दीऐवजी थेट नव्या लगद्यातून केलेल्या कागदाच्या प्रत्येक रिमामागे जंगल तुटलं असं चित्र आपल्याकडे खरं नाही. आणि देशात बनणाऱ्या कागदाचा दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा आधीच रद्दीतून येतो, ही गोष्ट फार कमी जण सांगतात.

इंधनाचा हिशोब तर याहून अनपेक्षित आहे. लाकूड शिजवणाऱ्या कारखान्यात लाकडातला जो भाग कागदात जात नाही, त्याचा काळा द्रव होतो. तो जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि बरीचशी वीज काढतो. रद्दीच्या मिलकडे असा द्रव नसतो. तिला एकूण ऊर्जा कमी लागते, पण ती बाहेरून घ्यावी लागते: वीज मंडळाची वीज, बॉयलरला कोळसा, काही ठिकाणी बगॅस म्हणजे उसाचं चिपाड किंवा भाताचं तूस. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि येल विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच मुद्दा जगभरासाठी मोजला. ऊर्जा आजच्यासारखीच राहिली आणि रिसायकलिंग फक्त वाढवलं, तर कागदामुळे होणारं उत्सर्जन कमी न होता वाढू शकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऊर्जा स्वच्छ केली आणि कचराडेपो सुधारले, तर चित्र पालटतं. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘मग रद्दी द्यायचीच कशाला’ म्हणणारे भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. निष्कर्ष मिलच्या बॉयलरबद्दल आहे, आपल्या रद्दीच्या गठ्ठ्याबद्दल नाही.

कारण रद्दी दिली नाही तर ती कुठे जाते? ओल्या कचऱ्यात मिसळून डेपोवर. तिथे ढिगाऱ्याखाली, हवा नसलेल्या जागी कागद कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २८ पट तापवतो. आपल्याकडे वर्तमानपत्रं सहसा डेपोवर जात नाहीत, कारण त्यांना भाव आहे. जातात ते फाटके खोके, मिठाईचे डबे, बिलं, पाकिटं. हे उचलून वेगळं करणाऱ्या बायकांचं जगणंही याच मालावर चालतं. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली, तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. भिजलेला, खरकटा लागलेला पुठ्ठा त्यांच्या काट्यावर जवळजवळ शून्य ठरतो, म्हणून फायद्या-तोट्याचं गणित मांडताना त्यांची मजुरी त्यात धरायलाच हवी.

या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. प्रत्येक फेरीत तंतू आखूड आणि कडक होतात. पाच-सात फेऱ्या होतात असं साधारण धरतात, म्हणजे कुठून तरी नवे लांब तंतू येत राहिलेच पाहिजेत. ते कोऱ्या लगद्याच्या वह्यांतून येतात, परदेशी खोक्यांतून येतात. भारत दरवर्षी लाखो टन रद्दी आयात करतो ती याचसाठी. चीनने २०१८ पासून परदेशी रद्दीवर कडक निर्बंध घातले आणि २०२१ पासून ती बंदच केली, तेव्हा जगातली बरीच रद्दी दुसरी बंदरं शोधू लागली. इकडे आलेल्या गठ्ठ्यांत कागदाबरोबर प्लास्टिकही येतं आणि ते मिलच्या आवारात साचतं. स्वतःची रद्दी वेगळी करायची नाही आणि दुसऱ्याचा कचरा किलोवर विकत घ्यायचा, हा व्यवहार मला लाजिरवाणा वाटतो.

माझं मत असं की पांढरेपणाचा हट्ट सोडला तर अर्धा प्रश्न सुटतो. पाकिटं, फायली, शाळेच्या कच्च्या वह्या, खोके यांना राखाडी किंवा तपकिरी कागद पुरतो. वर्तमानपत्रालाही थोडा मळका कागद चालतो, म्हणून वर्तमानपत्रातून पुन्हा वर्तमानपत्राचा कागद करण्यात ब्लीचचा खर्च आटोक्यात राहतो. खरेदीखत, प्रमाणपत्र, जपून ठेवायचं पुस्तक यांना कोरा, टिकाऊ कागद बिनदिक्कत वापरावा. पुढे कधीतरी त्याचेच लांब तंतू खोक्याला बळ देतील. पाठकोरे कागद संपवूनच रद्दीत टाकावेत, हे तर आपल्या घरोघरी चालत आलेलंच आहे.

घरात करायचं काम थोडं आहे. वह्या आणि ऑफिसचे कागद एका गठ्ठ्यात, वर्तमानपत्रं दुसऱ्यात, पुठ्ठा तिसऱ्यात. तिन्ही कोरडे, आणि फार काळ न साठवता. पिझ्झाच्या खोक्याचं तेलकट बूड फाडून वेगळं, स्वच्छ झाकण पुठ्ठ्यात. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो यांपैकी कुठेच चालत नाही. एटीएमची आणि दुकानातली चकचकीत बिलं उष्णतेवर छापली जाणारी, रसायन चोपडलेली असतात, तीही रद्दीत नकोत. आणि लग्नपत्रिका: सोनेरी फॉइल, मखमली थर, लॅमिनेशन असलेलं कव्हर शाई काढणाऱ्या मिलला चालत नाही आणि खोक्याच्या मिललाही नको असतं. आतला साधा कागद काढून रद्दीत टाकता येतो. पत्रिका छापायला टाकतानाच छपाईवाल्याला ‘लॅमिनेशन नको, फॉइल नको’ एवढं सांगितलं तर कव्हरही पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात जाऊ शकतं.