प्लास्टिकपासून तेल : गोणीत काय भरावे, काय नको

तुम्ही दिलेले प्लास्टिक आम्ही जाळत नाही. रिअॅक्टर म्हणजे बंद टाकीसारख्या भट्टीत, हवा शिरू न देता, ते ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला तापवतो. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते, ती उत्प्रेरकावरून (रासायनिक क्रिया घडायला मदत करणारा पदार्थ) कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळ्यांत, जाते आणि तेल होऊन उतरते. जी वाफ थंड होऊनही गॅसच राहते, ती त्याच भट्टीच्या बर्नरला लागते. तळाशी काळी भुकटी उरते. माल स्वच्छ आणि कोरडा असेल तर १०० किलोमागे साधारण ६० ते ७० किलो तेल मिळते.

धान्याच्या पिशव्या, ब्रेडची वेष्टणे, शाम्पूच्या बाटल्या, झाकणे, थर्माकोल जरूर द्या. त्रिकोणात २, ४, ५ किंवा ६ हा आकडा असला की चालते. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांना भंगारवाला पैसे देत असेल तर त्यालाच द्या. ज्याचे वितळवून पुन्हा प्लास्टिकचे दाणे होऊ शकतात, त्याचे तेल करणे तोट्याचे.

पीव्हीसी या प्लास्टिकचा मात्र एक तुकडाही नको. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. एक किलो पीव्हीसीतून अर्ध्या किलोहून जास्त हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. पाण्याशी गाठ पडताच त्याचे आम्ल होऊन कंडेन्सरच्या नळ्या खाते, आणि क्लोरीन तेलातही उतरतो. पाइप, वायरींची आवरणे, रेक्झिन, गोळ्यांची पाकिटे यांत पीव्हीसी बहुधा असतेच. वाढदिवसाचे फ्लेक्सही पीव्हीसीचेच, आणि त्यांना तोटा नाही! शंका आली तर छोटा तुकडा पाण्यात दाबून सोडा. बुडाला तर आणि आकडा ६ नसेल तर बाजूला ठेवा.

पाण्याच्या पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्याही नकोत. त्यांच्यातून तेलाऐवजी आम्लाची पांढरी पूड निघते आणि नळ्या तुंबतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत अॅल्युमिनियमचा थर असतो. थोडी चालतील, पण तेल घटते आणि गाळ वाढतो.

पिशव्या झटकून उन्हात वाळवा. एक लिटर पाणी उडवायला सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे तेवढा गॅस फुकट जातो. खरकट्याने तेलाला दुर्गंधीही येते.

हे तेल गाडीत घालता येईल का, असे अनेकजण विचारतात. नाही. त्यातले हलके अंश लवकर पेट घेतात, आणि साठवले तर डिंकासारखा थर धरून फिल्टर व नोझल बंद पडतात. ते औद्योगिक बर्नर आणि भट्ट्यांसाठी आहे. घेणाऱ्यांनी झाकणबंद लोखंडी पिंपात, सावलीत ठेवावे आणि जास्त दिवस साठवू नये.