एआय एजंटसाठी टूलचे वर्णन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भोसरीतील कारखान्याचा स्टॉक असो, मार्केट यार्डातील गाळ्याची उधारी असो किंवा लक्ष्मी रस्त्यावरील दुकानाच्या ऑर्डरी असोत, आपल्या संगणक प्रणालीला एआय एजंट (विचारलेले समजून घेऊन कामे करणारा एआय प्रोग्रॅम) जोडताना आम्ही त्याला काही टूल्स उपलब्ध करून देतो. स्टॉक पाहणे, बिल शोधणे, डिलिव्हरीची तारीख बदलणे, असे एकेक ठरावीक काम म्हणजे एक टूल. टूलचा कोड आम्ही लिहितो. त्याचे वर्णन मात्र आपल्या सहभागाशिवाय नीट लिहिता येत नाही.

एजंटमागचे मॉडेल, म्हणजे भाषा समजून निर्णय घेणारी एआय प्रणाली, टूलचा कोड सहसा पाहतच नाही. मॉडेलपुढे मुख्यतः टूलचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा एवढेच येते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत) वापरला किंवा एखाद्या कंपनीची स्वतःची पद्धत वापरली, तरी यात फारसा फरक पडत नाही. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे मॉडेल या मजकुरावरूनच ठरवते.

समजा, एका टूलचे वर्णन ‘स्टॉक दाखवते’ एवढेच लिहिले आहे. गोदामात ४०० बुश (यंत्राचे सुटे भाग) आहेत आणि त्यांतील ३५० एका पार्टीच्या ऑर्डरसाठी राखून ठेवले आहेत. चाकणच्या दुसऱ्या ग्राहकाने ‘३०० नग मिळतील का?’ असे विचारले, तर एजंट टूल चालवील, ४०० हा आकडा पाहील आणि बेलाशक होकार देऊन मोकळा होईल. टूल बरोबर चालले, आकडाही खरा होता, पण दिलेला शब्द पाळता येणार नाही. त्याऐवजी आम्ही असे वर्णन लिहू : ‘दिलेल्या आयटम कोडचे भोसरी गोदामात प्रत्यक्ष असलेले नग सांगते. ऑर्डरसाठी राखून ठेवलेला माल यातून वजा केलेला नसतो. ग्राहकाला माल देता येईल का, हे ठरवण्यासाठी हे टूल वापरू नये. त्यासाठी विक्रीयोग्य_स्टॉक वापरावे. आयटम कोड माहीत नसल्यास आधी आयटम_शोध वापरावे, अंदाजाने कोड देऊ नये.’

टूल केव्हा वापरू नये हे सांगणारे वाक्य लिहायचे बहुतेकदा राहून जाते आणि आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे असते. प्रत्यक्ष स्टॉक आणि विक्रीयोग्य स्टॉक यांतला फरक आपल्या स्टोअरकीपरला तोंडपाठ असतो. आमच्या प्रोग्रॅमरला तो सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. बिल_माहिती आणि बिल_तपशील अशी जवळपास एकाच अर्थाची दोन टूल्स असतील, तर मॉडेलचा गोंधळ होणारच. तेथे वर्णन सजवत बसण्यापेक्षा दोन्ही टूल्स एकत्र करणे बरे.

तारीख आणि रक्कम यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, तर अमेरिकी पद्धतीने ८ मे. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा क्रम आम्ही वर्णनातच उदाहरणासह लिहितो. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम रुपयांऐवजी पैशांत द्यावी लागते, त्यामुळे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहावे लागते. हे वर्णनात नसेल, तर ५०० रुपयांच्या जागी ५ रुपयांची मागणी जाईल. ‘गेल्या वर्षीची विक्री’ म्हणजे एप्रिल ते मार्च की जानेवारी ते डिसेंबर, हे आपण ठरवून सांगावे. काम अडल्यास टूलने नुसता त्रुटी क्रमांक न देता ‘या कोडचा आयटम नाही, आयटम_शोध वापरावे’ असे कळवावे, म्हणजे एजंटला पुढची वाट सापडते.

वर्णने मॉडेलकडे जाणाऱ्या विनंतीसोबत पुन्हा पुन्हा पाठवली जातात आणि त्यांच्या लांबीनुसार खर्चही वाढतो. म्हणून पाल्हाळ नको. तरीही काटकसरीपायी आवश्यक वाक्य गाळणे अंती महाग पडते.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. ‘परवानगीशिवाय ऑर्डर रद्द करू नये’ असे लिहिले, तरी मॉडेलकडून ते डावलले जाऊ शकते किंवा बाहेरून आलेल्या ईमेलमधील एखादी फसवी सूचना त्याला भुलवू शकते. त्यामुळे ऑर्डर रद्द करणे, पैसे परत करणे, नोंद खोडणे यांसाठी माणसाची मंजुरी घेण्याची अट आम्ही कोडमध्येच घालतो.

काम सुरू करताना आपले ग्राहक प्रत्यक्षात विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत, मराठी-हिंदी मिश्रणासह, आम्हाला लिहून द्यावेत. एजंट योग्य टूल निवडतो का, आणि जेथे कोणतेच टूल लागत नाही तेथे थांबतो का, हे आम्ही त्यांवर तपासतो. पुढे नवे गोदाम सुरू झाले किंवा माल राखून ठेवण्याचा नियम बदलला, तर जुन्या वर्णनावर टूल कोणतीही त्रुटी न दाखवता चालूच राहते. म्हणून अशा बदलाची लेखी सूचना तो लागू होण्यापूर्वी आम्हाला द्यावी.