नोर्ग्येलिंग वसाहत व भारत–तिबेट संबंध

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड–गोठणगाव परिसरात, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिची स्थापना साधारणपणे १९७२ च्या सुमाराची मानली जाते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी तिबेटी कागदपत्रांत ही वसाहत अजूनही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते.

तिबेटची राजधानी ल्हासा येथील ब्रिटिश प्रतिनिधिमंडळ १९४७ मध्ये भारताकडे आले आणि ह्यू रिचर्डसन हे पूर्वीचेच अधिकारी काही काळ त्याच्या प्रमुखपदी राहिले. हे कार्यालय सिक्कीममधील गंगटोकच्या भारतीय राजकीय अधिकाऱ्याच्या अखत्यारीत होते. चिनी सैन्य तिबेटमध्ये आल्यानंतर, १९५२ मध्ये, त्याचे रूपांतर महावाणिज्य दूतावासात झाले. वरकरणी हा केवळ नावातला बदल असला, तरी वाणिज्य दूतावास ज्या देशाच्या संमतीने चालतो तो देश आता चीन ठरत असल्याने, तिबेटशी स्वतंत्र राजनैतिक व्यवहार येथेच थांबला असे म्हणता येते. २९ एप्रिल १९५४ च्या भारत–चीन व्यापारी करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा शब्दप्रयोग आला आणि तिबेटमधील यातुंग व ग्यांत्से येथील भारतीय लष्करी तुकड्या मागे घेण्याचे ठरले. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ मध्ये संपल्यावर तिबेट चीनचा असल्याची त्यातील मान्यताही संपली, असे काही अभ्यासक मानतात. परंतु सार्वभौमत्वाची मान्यता व्यापारी कराराच्या मुदतीशी बांधलेली नसते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २००३ च्या संयुक्त घोषणापत्रात भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे नमूद केले, हेही त्याला पूरकच आहे. ल्हासाचा दूतावास मात्र १९६२ मध्येच बंद झाला.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक आले. त्यांच्यासाठी राज्य सरकारांनी जमिनी दिल्या. म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे ही त्यांतील आरंभीची मोठी वसाहत होय. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे लोक ‘विदेशी’ ठरतात आणि मुदतीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र मिळते. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेल्या तिबेटींना नागरिकत्वाचा हक्क असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. केंद्राच्या २०१४ च्या पुनर्वसन धोरणात वसाहतींच्या जमिनींसाठी वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद आहे.

नोर्ग्येलिंग ज्या भागात आहे, त्या इटियाडोह धरणाजवळील झाडीपट्टीत धान हेच मुख्य पीक. थंड पठारावरून आलेल्यांना चिखलातली रोवणी नवी होती, आणि बांध्यांत पाणी राखण्याची रीत शेजारच्या गावांकडून शिकण्याजोगीच होती. हिवाळ्यात कुटुंबे लोकरी कपडे विकायला शहरांत जातात. नागपूरकर त्यांना ‘तिबेटी स्वेटरवाले’ म्हणून ओळखतात.