ज्येष्ठतेचा वाद आणि पदोन्नतीचा वाद

कनिष्ठाच्या बढतीचा आदेश निघाला की मागे राहिलेला सरकारी कर्मचारी बहुधा एकाच अर्जात दोन्ही मागण्या लिहितो: माझी ज्येष्ठता दुरुस्त करा आणि मला पदोन्नती द्या. त्याचं दुःख एकच असतं, पण सरकारी नोकरीतले वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे, हे दोन वेगळे वाद ठरतात. कुठला वाद कधी सुरू झाला हे न ओळखल्यामुळे अनेकांची न्याय्य बाजू मुदतीतच अडकते.

ज्येष्ठतेचा वाद यादीतल्या क्रमांकाचा असतो. सेवा कोणत्या तारखेपासून मोजायची, थेट भरतीने आलेला वर की बढतीने आलेला, असे त्यातले प्रश्न. यावरचा सर्वात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेला. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेतील वर्ग दोनच्या अधिकाऱ्यांचा हा झगडा वर्षानुवर्षे चालला आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला. नियमांनुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून धरायची, कायम केल्याच्या तारखेपासून नाही. पण नियम बाजूला ठेवून केवळ सोय म्हणून दिलेल्या तदर्थ नेमणुकीचा काळ ज्येष्ठतेत धरायचा नाही. म्हणूनच दोघांची वीस-वीस वर्षं सेवा झालेली असूनही यादीत त्यांच्यात मोठं अंतर पडू शकतं.

पदोन्नतीच्या वादात यादी बरोबरच असते, तरी माणूस मागे राहतो. विभागीय पदोन्नती समितीने कामाच्या गोपनीय अहवालांवरून त्याला अपात्र ठरवलेलं असतं किंवा विभागीय चौकशी दाखवून त्याच्याबद्दलचा निर्णय चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात ठेवलेला असतो. पदोन्नती मिळणं हा हक्क नाही. पात्र असताना आपला विचार होणं हा मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ मधून येणारा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे इथे तपासायचं ते हे की विचार झाला का आणि नियमाप्रमाणे झाला का. प्राथमिक चौकशी चालू आहे एवढ्यावर पाकीट बंद करता येत नाही; विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र बजावलेलं असावं लागतं किंवा फौजदारी खटल्यात आरोपपत्र दाखल झालेलं असावं लागतं, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. गोपनीय अहवालातला न कळवलेला प्रतिकूल शेराही असाच आव्हान देण्याजोगा. २००८ च्या निकालाने तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणं आवश्यक केलं.

खरा घोटाळा मुदतीत होतो. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. अपील किंवा अभिवेदन, म्हणजे वरिष्ठांकडे लेखी दाद, करूनही उत्तर आलं नाही, तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. चुकीची अंतिम ज्येष्ठता सूची प्रसिद्ध झाली की ज्येष्ठतेच्या वादाची मुदत तेव्हाच सुरू होते. कर्मचारी मात्र ‘बढतीच्या वेळी बघू’ म्हणतो, पाच-सात वर्षांनी बढती हुकते आणि तेव्हा तो जुनी यादी उकरून काढतो. पदोन्नतीचा आदेश नवा असला तरी त्यामुळे जुन्या यादीची मुदत पुन्हा सुरू होत नाही. मुंबईच्या शिधावाटप खात्यातल्या ज्येष्ठतेच्या प्रकरणात १९६८ च्या निर्णयाला १९७६ मध्ये आव्हान दिलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने या विलंबावर ठपका ठेवला. दरवर्षी स्मरणपत्र पाठवल्यानेही मुदत वाढत नाही. हे फार कठोर वाटतं, पण न्यायालयांचं कारण समजण्यासारखं आहे: इतक्या वर्षांत त्या यादीवर इतरांच्या बढत्या झालेल्या असतात. म्हणूनच तात्पुरती सूची आली की दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, पोच जपून ठेवावी आणि अंतिम सूचीची तारीख नोंदवून ठेवावी.

मागणीही वेगळी लिहावी लागते. ज्येष्ठतेच्या अर्जात ज्यांचा क्रमांक खाली सरकेल त्यांना प्रतिवादी करावं लागतं. निदान काहींना तरी, प्रातिनिधिक म्हणून. पदोन्नतीच्या अर्जात जिंकलात तरी बहुधा समितीने पुन्हा विचार करावा, एवढाच आदेश मिळतो. त्या फेरविचारात पात्र ठरलात तर कनिष्ठाला बढती मिळाली त्या तारखेचा मानीव दिनांक, म्हणजे आपल्यालाही तेव्हाच बढती मिळाली असं धरणं, मागता येतो. मागच्या काळाचा प्रत्यक्ष पगार मिळेलच असं नाही, पण वेतननिश्चिती त्या तारखेपासून झाली तर पुढे निवृत्तिवेतनातही तिचा फायदा होतो.