मिक्सिंग-मास्टरिंग एका दमात बोलतो आपण, पण कामं दोन आहेत

मागच्या महिन्यात पांढरकवड्याकडचा एक पोरगा भेटला, एफएल स्टुडिओवर (कॉम्प्युटरवर गाणं बनवायचं सॉफ्टवेअर) भारी काम करते, स्वतःचा ट्रॅक घेऊन आला आणि म्हणे "दादा गाणं झालं, आता फक्त मिक्सिंग-मास्टरिंग कराचं राह्यलं, किती लागन?" मी विचारलं दोन्हीपैकी कोणतं राह्यलं, तं तो माझ्याकडे पाहातच राहिला. त्याची चूक नाही. आपल्याकडे हा शब्दच जोडून आला आहे, जसं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग म्हणतो तसा.

आणि खरं सांगतो, जिनिंग-प्रेसिंग ज्यानं पाहिलं त्याला हे समजायला पाच मिनिटं लागत नाहीत. जिनिंगमध्ये रोलरवर रुई वेगळी होते, सरकी वेगळी. मग प्रेस त्या रुईला गच्च दाबून साधारण १७० किलोची गाठ बांधते. आता रुईत काडीकचरा नाहीतर कवडी राहिली असेल तं प्रेस ते काढत नाही, रुईसोबत दाबून गाठीत पक्कं बसवते. मिक्स म्हणजे जिनिंग, मास्टर म्हणजे प्रेसिंग.

मिक्सिंगमध्ये प्रोजेक्ट उघडा असतो, तीस-चाळीस ट्रॅक समोर, किक (ड्रमचा जाड ठोका) वेगळी, बेस वेगळा, क्लॅप, हॅट, लीड (मुख्य धून वाजवणारा सिंथ), व्होकलचे तुकडे, सगळं एकेक करून हातात. आपल्या डीजेच्या गाण्यात किक आणि बेस दोघंही ५०-६० हर्ट्झच्या आसपास बसायला पाहतात आणि जागा एकच असते, म्हणून किक पडली की बेस क्षणभर खाली दबला पाहिजे, त्यालाच साईडचेन म्हणतात, आणि ते इथंच होतं, नंतर नाही. दुसरं उदाहरण धुमालचं, म्हणजे वरातीत वाजणाऱ्या ढोल-कॅसिओच्या बँडचं. आजकाल बरेच पोरं धुमालचा लूप टाकून वर सिंथचा लीड वाजवतात, आयडिया मला मनापासून आवडते कारण तो आवाज आपला आहे, पण धुमालमधला कॅसिओ आणि लीड दोघंही मधल्या पट्ट्यात, १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये ओरडत असतात, मग दोन्ही वाजतात आणि एकही धड ऐकू येत नाही. तिथं एकाला थोडं कापायचं, एकाला डावीकडे सरकवायचं, नाहीतर सरळ ठरवायचं की ड्रॉपमध्ये (बिल्डअपनंतर बीट जोरात पडते तिथं) कॅसिओ वाजणारच नाही. हे सगळे निर्णय मिक्सचे. मोबाईलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही ही तक्रारसुद्धा मिक्सचीच, कारण तो बारका स्पीकर ५० हर्ट्झ काढूच शकत नाही, बेसला थोडं सॅच्युरेशन (हलका खरखरीतपणा) देऊन वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराचे वरचे पडसाद, तयार केले तं कान बाकीचं समजून घेतो.

मास्टरिंगवाल्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे एकच स्टिरिओ फाईल जाते, डावा आणि उजवा, संपलं. त्यानं ६० हर्ट्झ वाढवला तं किकही वाढते आणि बेसही, त्यानं लीडचा टोचणारा ३ किलोहर्ट्झ कमी केला तं क्लॅपची धार पण जाते. तो अख्ख्या गाण्याचा रंग नीट करतो, दुसऱ्या कानानं ऐकतो, लिमिटर (आवाजाचे शेंडे दाबणारं टूल) लावून आवाज पातळीला आणतो, चार ठिकाणी वाजवून पाहतो आणि रिलीजसाठी फाईल तयार करतो. काम मोठं आहे, पण ते गाठ बांधायचं काम आहे.

मला हे पैसे जाऊन समजलं. दोन वर्षांपूर्वी बेसलाईनवर स्टिरिओ वाईडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारं टूल) लावला होता, हेडफोनवर असा वाटे की बेस डोक्याच्या दोन्हीकडून फिरतो आहे. मास्टर करून घेतला, खूश होतो. मग चुलतभावाच्या वरातीत डीजेच्या पिकअपवर पेनड्राईव्ह लावला, बिल्डअप झाला, पोरं हात वर करून थांबली, ड्रॉप आला आणि वर टॉप वाजतात, क्लॅप वाजते, खाली बेसच्या डब्यात फक्त किकची ठकठक. ऑपरेटर ॲम्प्लिफायरची बटणं फिरवून पाहात होता, मागून एक जण ओरडला, "बेस कुठी गेला बे?" मी रात्रीच मास्टरिंगवाल्याला रागाचा मेसेज टाकला. सकाळी माझाच प्रोजेक्ट उघडून मास्टर चॅनल, म्हणजे सगळे ट्रॅक जिथं एकत्र येतात तो, मोनो केला, तं बेस तिथंही गायब. डीजेच्या गाड्या बऱ्याचदा मोनोत चालतात, डावा-उजवा एकत्र केला की उलट्या फेजमधला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो, मी वाईडनरनं तेच करून ठेवलं होतं. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करायला दोन मिनिटं लागली. त्या माणसाची माफी मागितली आणि मास्टर परत करून घेतला, परत पैसे देऊन.

म्हणून ओळखायची खूण सांगतो. तक्रारीत एका वाद्याचं नाव येत असेल, किक दबते, लीड टोचतो, व्होकल मागं जातो, तं ती मिक्सची तक्रार. अख्खं गाणं बाकीच्यांच्या बाजूला लहान वाटतं, किंवा एकूणच धूसर वाटतं, तं मास्टरचा विचार करा, तेही मिक्स एकदा तपासून. ऑटोमॅटिक मास्टर करून देणाऱ्या साईट आहेत, डेमोसाठी मला चालतात, पण त्या पण गाठच बांधतात. दोन्हीच्या मधला एक प्रकार आहे, स्टेम मास्टरिंग, त्यात ड्रम, बेस, सिंथ, व्होकल असे चार-पाच गठ्ठे वेगळे पाठवता येतात, त्यानं थोडी मोकळीक मिळते.

लाऊडनेसवरून पोरं सगळ्यात जास्त भांडतात. स्पॉटिफाय साधारण मायनस १४ एलयूएफएसवर (कानाला गाणं किती जोरात वाटतं त्याचं माप) सगळी गाणी आणून ठेवते, म्हणजे तुम्ही मास्टर दाबून दाबून मायनस ६ वर नेला तं तिकडे तो ८ डीबी खाली ओढला जातो, आवाज वाढत नाही आणि दाबलेली किक मात्र तशीच चपटी राहते. डीजेच्या पेनड्राईव्हला असं कोणी ओढत नाही, तिथं जोरदार मास्टरच लागतो. एकाच मिक्सचे दोन मास्टर मागून घ्या, आधीच सांगितलं तं बहुतेक जण थोड्या पैशात देतात.

फाईल पाठवताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर काढा, वर साधारण ६ डीबी जागा ठेवा, २४ बिट वेव्ह द्या, एमपीथ्री नको. एक्स्टेंडेड आणि छोटं व्हर्जन दोन्ही रिलीज करायचं असेल तं दोन्ही एकदमच पाठवा, कारण लांबी बदलली की १२ अक्षरी आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख) पण वेगळा लागतो. रिलीजची तारीख घाईनं टाकू नका, स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या एडिटरकडे गाणं पाठवायचं तं निदान ७ दिवस आधी अपलोड झालेलं पाहिजे, मी तं तीन आठवडे धरतो. आणि डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं ॲपवर चढवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये 'मास्टर कोणाचा' असं विचारतात तिथं रेकॉर्डिंगची मालकी विचारलेली असते, मास्टरिंग कोणी केलं ते नाही. पिक्चरच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय टाकलेला असेल तं तिथं आपलं नाव लिहिता येत नाही.

त्या पोराला मी पैसे न घेता परत पाठवलं, म्हटलं मोनो करून ऐक आणि किक-बेस दोघंच वाजवून पाह्य. तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, बेस अर्धा गायब होते." सध्या तो मिक्सच करून राह्यला, रोज रात्री घरचे झोपले की एक व्हर्जन पाठवते.